नाव सांगायची शिस्त

उस्मानपुऱ्यात अप्पाराव कोच दिसले की एके काळी हॉटेलवाला न विचारता चहा पुढं करायचा. यंदा तोच हॉटेलवाला त्यांना बघून टेबल पुसत बसतो, मान वर करत नाही. लागोपाठ पाच मॅच हरल्या, एवढंच निमित्त. पण माणसं फिरायला एवढं पुरतं, तुम्हाला काय नव्यानं सांगायचं!

माणूस तसा साधा. शाळेत पीटीचे मास्तर म्हणून नोकरी केली, रिटायर झाले. पण खरा जीव प्रगती क्रीडा मंडळाच्या फुटबॉल टीममध्ये. तीस वर्षांत दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. तोंडानं फटकळ. "अरे, बॉल हाय तो, जावई नाय! लाथ मार!" असं ओरडले की अख्खं मैदान हसायचं. मॅचच्या दिवशी मैदानावरच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा ते स्वतः मारायचे, फक्कीच्या डब्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दोरी ताणायची, चपला काढायच्या आणि दोरीच्या कडेकडेनं चालत जायचं. हल्ली मात्र ती दोरी त्यांना पायाच्या बोटांनी चाचपावी लागायची.

कारण अप्पारावांना दिसत नव्हतं.

काचबिंदू. गेलेली नजर परत येत नसते, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आधी बाजूचं गेलं, मग मधलंही दुधाळ झालं. समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली. टी-शर्टचा रंग कसाबसा कळायचा, पाठीवरचा नंबर तर विसराच. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, कडूबाईला. निदान अप्पारावांची तशी समजूत होती.

"सांगून टाका ना एकदाचं," कडूबाई रोज म्हणायची. "लोक काय काय बोलतेत. मला नळावर उभं राहवंना."

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. मग काय करू? भिंतीकडं बघत बसू? ती बी दिसत नाय."

ती माउली पदरानं डोळे पुसायची आणि भाकरी थापायला बसायची.

खरा घात झाला तो लासूर स्टेशनच्या मॅचला. एक-एक अशी बरोबरी होती. गोकुळचा घोटा दुखावला होता, तो लंगडत खेळत होता. त्याला बाहेर काढायचा म्हणून अप्पारावांनी मैदानाच्या कडेनं पळणाऱ्या लाल सावलीकडं हात केला. तो होता राजकुमार, नऊ नंबर, टीमचा गोल करणारा एकुलता एक पोरगा. आता कुणीही म्हणेल, त्यानं सांगायचं ना, 'सर, मी नाही, तो!' पण अप्पारावांच्या तालमीत एक रीत होती. सरांचा हात झाला की मुकाट बाहेर यायचं, चारचौघांत उलट बोलायचं नाही. राजकुमार मुकाट बाहेर आला. लंगडा गोकुळ आत राहिला आणि त्याच्याच अंगावरून दोन गोल झाले.

लोक पिसाळले. म्हाताऱ्यानं मॅच विकली, असं त्याच संध्याकाळी गावभर झालं. सगळ्यात पुढं होता कारभारी, टायरच्या दुकानाचा मालक. हाच कारभारी वीस वर्षांपूर्वी अप्पारावांच्या टीमचा कॅप्टन होता. त्याच्या पायातले पहिले बूट अप्पारावांनी स्वतःचे काढून दिलेले. असल्या माणसाचा राग वाईट. परका दोन शिव्या देऊन घरी जातो, आपलं माणूस घरी जात नाही.

त्या मॅचनंतर पोरांमध्ये एक नवीनच चाल सुरू झाली. जवळ येणारा प्रत्येक जण आधी नाव सांगायचा. "सर, मी राजकुमार." "सर, सत्यम." सुरुवात केली गोलकीपर सम्यकनं, हल्लीचा कॅप्टन तोच. अप्पारावांना वाटलं, कॅप्टननं शिस्त लावली, मिलिटरीत असते तशी. मनातून खूश झाले. आवाजावरून ते पोरांना ओळखायचेच, पण नाव कानावर आलं की बरं वाटायचं.

मंडळाच्या कमिटीनं निरोप धाडला, रविवारी सिल्लोडची टीम येतेय, हरलात तर दुसरा कोच बघू. पोरांनी लगेच कागद लिहिला, सर गेले तर आम्ही सगळे जाऊ, खाली सगळ्यांच्या सह्या. कारभारीनं तो कागद कमिटीच्या टेबलावरून उचलला आणि सगळ्यांसमोर फाडला.

"म्हाताऱ्यानं भारलंय यांना," तो म्हणाला. "रविवारी बघतोच, कोण कुणाला वाचवतंय."

रविवारी सकाळी अप्पाराव फक्कीचा डबा घेऊन मैदानावर गेले. हातानं चाचपत गोलपोस्टपाशी आले तर कपाळावर काहीतरी आपटलं. आडव्या दांडीला काहीतरी लटकत होतं. त्यांनी हात लावून बघितलं. चप्पल. तिच्याशेजारी आणखी एक, तिच्या पलीकडं आणखी. फाटक्या चपलांची अख्खी माळ.

"सर, मी सम्यक," मागून आवाज आला. "बारक्या पोरांनी कायतरी खेळ केलाय. काढतो मी."

"कुणासाठी बांधलीय रे?"

"कुणासाठी नाय सर. तुम्ही रेघा मारा. सत्यम पुढं चालंल टाळ्या वाजवत. सकाळी सकाळी अंगात आलंय त्याच्या."

सत्यम खरंच टाळ्या वाजवत उलटा चालू लागला आणि अप्पाराव आवाजाच्या रोखानं सरळ रेघ मारत गेले. माळेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दुपारी गर्दी जमली. अप्पारावांनी कान दिला. आज हलगी नव्हती. तीस वर्षांत प्रगतीची मॅच हलगीशिवाय झाली नव्हती. शिट्ट्या नाहीत, आरोळ्या नाहीत. पाच-सातशे माणसं नुसती उभी. भिंतीकडून मधूनच खडी सरकल्याचा आवाज येई. रस्त्याच्या कामाचा ढीग होता तिथं.

"खडीवर कोण चढलंय रे?" त्यांनी विचारलं.

"सर, गोकुळ," शेजारी बसलेला गोकुळ म्हणाला. घोट्याला पट्टी होती, म्हणून तो बाहेर होता. "माणसं हायेत. मॅच बघायला चढलीत."

मॅच सुरू झाली. गोकुळ स्वतःशीच बोलल्यासारखा बडबडत होता. "शिवराजकडं बॉल... डावीकडून निघाला... राजकुमार मोकळा... गोल!" त्या गोलला एकही टाळी पडली नाही. आपल्या टीमनं गोल मारला आणि आपलीच माणसं गप्प! पोरं हरली तर आपण जाऊ, हे त्यांनी कधीच गिळलं होतं. ही शांतता मात्र पोरांवर निघणार, हे त्यांना पहिल्यांदाच नीट उमगलं. पुढं सिल्लोडनं बरोबरी केली. शेवटच्या दोन मिनिटांत गोकुळ एकदम गप्प झाला.

"बोल की लेका! काय झालं?"

"गेला सर. दुसरा गोल झाला आपल्यावर."

शेवटची शिट्टी वाजली आणि खडीचा ढीग खळाळला. पायांचा दबादबा आवाज जवळ येऊ लागला. अप्पाराव उभे राहिले. समोर सावल्याच सावल्या, कुणाचा चेहरा नाही, कुणाचं नाव नाही. गोकुळनं त्यांचा दंड धरला. तेवढ्यात कुणीतरी जोरात धावत आलं, टप्प असा आवाज झाला आणि काहीतरी जड त्यांच्या पायांवर येऊन पडलं.

मग चहूबाजूंनी आवाज आले, धापा टाकत, एकापाठोपाठ.

"सर, सत्यम."

"सर, मी राजकुमार."

"सर, शिवराज. आम्ही हाय सर, हलू नका."

पोरांनी कडं केलं होतं. खांद्याला खांदा लावून, पाठी त्यांच्याकडं, छात्या लोकांकडं. आणि त्या गदारोळात अप्पारावांना कळलं. ही शिस्त नव्हती. ही कधीच शिस्त नव्हती. त्या टाळ्या, ती बडबड, ती नावं! पोरांना सगळं ठाऊक होतं. आपण लपवत होतो आणि आपलं लपवणं ही लेकरं लपवत होती. त्यांना भरून आलं आणि स्वतःची शरमही वाटली.

पण मास्तरांची सवय, मोजदाद सुटेना. दहा नावं झाली होती. गोकुळ शेजारी. अकरावं नाव आलं नव्हतं.

"सम्यक?"

कुणी बोललं नाही.

"सम्यक! नाव सांग रे!"

अप्पाराव खाली बसले. पायांवरचं ते जड चाचपलं. आधी गोलकीपरचे हातमोजे लागले, मग केस, मग ओलं. गरम ओलं. तोंडाजवळ हात नेला तेव्हा श्वास लागला, बारीक, तुटक.

तीस वर्षं मैदान दणाणून सोडणारा आवाज त्यांनी लावला.

"अरे, मला दिसत नाय! ऐकताय का? डोळे गेलेत माझे! मॅच नाय विकली कुणी. लासूरला मला नंबर दिसला नाय. पोरांनी झाकलं, मी झाकलं. मारायचं तर मला मारा, ह्या लेकराला कशाला!"

दबादबा थांबला. कुणाच्या तरी हातातली खडी जमिनीवर पडली, मग आणखी एकाची. पोरांच्या कड्यातून वाट काढत कुणीतरी आलं. अप्पारावांच्या समोर गुडघे टेकल्याचा आवाज झाला. टायरच्या रबराचा वास आला.

"सर," तो माणूस म्हणाला. "सर, मी कारभारी. तो दगड मीच मारला. तुमच्यावर मारला होता. हा मधी आला."

सम्यकचा श्वास त्यांच्या मनगटावर लागत होता, आधीपेक्षा हळू.

"ते मागनं," ते म्हणाले. "आधी पोराला उचल. मान धर नीट."

वीस वर्षांपूर्वी सरांचा हात झाला की यायचा तसा कारभारी मुकाट पुढं आला आणि त्यानं सम्यकच्या मानेखाली हात घातला.