मांडी घालून घेतलेलं माप

कपड्यांच्या दुकानात माझ्या शेजारी एक आई मुलाला शेरवानी घालून बघत होती. त्याच्या मावशीचं लग्न होतं. "एक साइज मोठीच द्या, पुढच्या वर्षी मुंजीलाही होईल," ती म्हणाली. बाह्या बोटांखाली लोंबत होत्या. दुकानदार मात्र अगदी अंगाबरोबरची शेरवानी दाखवून "फोटोत हीच शोभेल" म्हणत होता.

तेवढ्यात त्या पठ्ठ्याने स्वतःच मधली साइज चढवली, फरशीवर बसून मांडी घातली आणि मग दारापर्यंत पळून आला. "हीच! हिच्यात पकडापकडी खेळता येते."

मला गंमत वाटली. आपण मोठी माणसं आरशासमोर उभं राहून, पोट आत ओढून कपडे पसंत करतो. जणू लग्नात कुणी जेवायला बसवणारच नाही!

माझ्या हातात लेकीच्या लग्नासाठी असाच, श्वास रोखून पसंत केलेला सूट होता. मी पुन्हा ट्रायल रूममध्ये गेलो, सूट चढवला आणि कन्यादानाला बसतात तसा बसलो. पॅन्टचं बटण टणकन उडालं.

"एक साइज मोठी द्या हो," मी आतूनच ओरडलो.

बाहेरून त्या आईचा आवाज आला, "वाढत्या अंगाची का, काका?"