समासातलं अक्षर

ई-रीडर हातात ठेवत लेक म्हणाली, “बाबा, तुमची सगळी पुस्तकं यात आहेत,” आणि मला गंगेवरच्या आमच्या ब्रह्माघाटाच्या ओल्या पायऱ्यांचा शेवाळी वास आला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडील घरीच वेद शिकवत. त्यांची पोथी पार जीर्ण झाली होती, म्हणून बँकेतल्या कॉम्प्युटरवर चार महिने बसून मी ती टाइप केली आणि छापील कागद त्यांच्यापुढे ठेवले. “सगळं उतरलं ना? काही छुटलं तर नाही?” त्यांनी विचारलं. “सगळं आलं,” मी ऐटीत म्हणालो. नवी प्रत झाली की जुनी गंगेला द्यायची, ही आमच्या घरची रीत. त्यांनी पोथीवर फूल वाहिलं आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ती सोडली. घरी येऊन ओलेत्यानेच ते कागद चाळू लागले. शेवटचं पान झालं, तसे पुन्हा पहिल्यावर गेले. “समासात माझ्या वडिलांनी लिहिलेलं होतं, ते कुठाय?” ते मी फालतू समजून गाळलं होतं. त्यांनी कागद जुळवून बाजूला ठेवले. आता लेक जुनी पुस्तकं रद्दीत द्यायची म्हणते, आणि मी वडिलांच्या एकेका पुस्तकाचे समास बघत बसलोय. त्या दिवसाआधीच्या पुस्तकांत त्यांच्या बारीक अक्षरातल्या नोंदी आहेत; त्या दिवसानंतर त्यांनी कुठेच काही लिहिलेलं नाही.