डोंगरावरची लाल झेंडी

आमच्या होटगीत चढ म्हणाल तर रेल्वेचा पूल, तेवढाच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी नोकरी ट्रॅकमन म्हणून रुळांतून चालण्यात काढली. एका स्लीपरवरून दुसऱ्यावर, ठरल्या अंतराचं पाऊल. भाजी आणायला निघाले तरी तेच पाऊल पडायचं. जिथं रूळ नाही, वाटसुद्धा नाही, असा एक डोंगर चढायचा, ही त्यांची एकच हौस.

ते रिटायर झाले आणि मी त्यांना घेऊन पार सह्याद्रीत गेले. गुडघे तोवर कामातून गेले होते, पण ऐकतील तर ना. डोंगराला खरंच वाट नव्हती. गुडघाभर गवत आणि त्याखाली निसटणारा मुरूम. ठरलेलं पाऊल तिथं बसेना. दोनदा पडले, तेव्हा मी त्यांना दगडावर बसवलं.

"तुमी हितंच बसा. मी वर जाऊन बघते."

"फोनला रेंज न्हाय," म्हणत त्यांनी पिशवीतून जुन्या विटलेल्या दोन झेंड्या काढून दिल्या, एक लाल, एक हिरवी. "पोचलीस की दाखव."

माथ्यावरून त्यांचा पांढरा सदरा दिसत होता. मी सुखरूप पोचले, हे त्यांना कळावं म्हणून हिरवी हलवली. सदरा उठला आणि चढायला लागला. ट्रॅकमनला हिरवी म्हणजे मार्ग मोकळा, या. त्यांच्या घरात वाढून एवढी साधी गोष्ट मला सुचू नये?

चांगले बरेच वर आले होते. पडत होते, उठत होते. मी घाबरले आणि लाल हलवली. ते जागच्या जागी थांबले. मी उतरून जाईपर्यंत एक पाऊल पुढं नाही की मागं नाही.

"कशाला चढलात?" आईचाच आवाज लावून मी करवादले.

"हिरवी दिलीस की."

मी त्यांना खाली घेऊन आले. लाल का दाखवली, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे गुडघे वाचवले, असं मी सगळ्यांना सांगत असते. खरं म्हणजे तिथून माथा फार लांब नव्हता. हाताला धरलं असतं तर पोचले असते. आता त्यांची फार आठवण येते, आणि डोळ्यांपुढं येतात ते तिथं थांबलेलेच येतात.

गेल्या हिवाळ्यात एकटीच त्या डोंगरावर गेले. लाल झेंडी घरीच ठेवली होती. माथ्यावर हिरवी काढली आणि हात भरून येईपर्यंत खाली बघत हलवत राहिले.