बॅटरी घेऊ नका म्हणणारे आण्णा

कोल्हापुरात शाहूपुरीत बॅटऱ्यांचं दुकान थाटून बसलेला माणूस गिऱ्हाइकाला बॅटरी घेऊ नका म्हणून सांगतो, हे कुणाला पटेल? आमचे बॅटरीवाले आण्णा सांगायचे. "पावणं, गरज न्हाय तुमाला. उगंच कशाला घरात ओझं?" असं म्हणून माणसाला चहा पाजून परत पाठवायचे. असल्या धंद्याला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात. पण दुकान चालायचं, आणि चांगलं चालायचं.

आमची त्यांची ओळख झाली ती सोलरमुळे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं घर गावाबाहेर, रानातल्या वस्तीवर. तिथवर विजेचे खांब पोचले नव्हते. माझ्या नणंदेच्या यजमानांनी कुठल्याशा प्रयोगातलं एक सोलरचं पॅनेल आणून छपरावर बसवून दिलं. त्यावर दिवसा एक पंखा आणि रेडिओ चालायचा. ढग आला की पंखा थांबायचा आणि माझे सासरे, मामंजी, आभाळाकडे बघून ढगाला शिव्या घालायचे. मग त्यांनी ठरवलं, बॅटरी आणायची.

मी मनातून हरखले. लग्नानंतर बाहेरून बी.ए.ला बसले होते आणि एकदा नापास झाले होते. घरात कंदील एक. तो आधी गोठ्यात, मग चुलीपाशी, आणि माझ्याकडे येईपर्यंत त्यातलं रॉकेल संपलेलं. दुसऱ्यांदा नापास झालीस तर पुस्तकं गुंडाळायची, हे घरात ठरून गेलं होतं. बॅटरी आली तर दिवा येईल, एवढीच माझी आशा. पण हे बोलणार कोण? नवी सून मी.

मामंजी गेले आणि हात हलवत परत आले, तेही खुशीत. आण्णांनी त्यांना, गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळून दूध देतात त्या दूधकट्ट्यावर नेऊन, म्हशीच्या समोर उभं करून, धारोष्ण दुधाचा पेला हातात दिला होता. "पाटील, हे दूध घरला नेऊन साठवून पिणार काय? न्हाय न्हवं? मग ऊनबी तसंच वापरा की. पंखा दुपारी लागतोय, ऊनबी दुपारीच हाय." कोल्हापूरच्या माणसाला याहून वेगळा पुरावा लागत नाही. मामंजी तेच वाक्य आठ दिवस सगळ्यांना ऐकवत होते. मी भाकऱ्या थापता थापता रडून घेतलं.

पुढच्या आठवड्यात आण्णा सायकल मारत वस्तीवर हजर. पॅनेल कसं असतं ते त्यांना बघायचं होतं. छपरावर चढून त्यांनी ते कुरवाळलंसुद्धा. मग चहा पिता पिता एकेकाला विचारत सुटले, तुला काय पायजे? कुणाला पंखा, कुणाला रेडिओ. मी कपबशा उचलायला आले तर मलाही तेच. "सूनबाई, तुला काय पायजे?"

"तिला काय इचारताय," मामंजी म्हणाले.

कुठून बळ आलं कोण जाणे. म्हटलं, "आण्णा, ऊन असतं तेव्हा मी रानात असते. माझा वेळ सुरू होतो तो दिवे लागल्यावर. मला अभ्यासाला उजेड पाहिजे."

आण्णांनी बशी खाली ठेवली. "पाटील, माझं चुकलं," म्हणाले. "ह्या घरात बॅटरी लागती." चौथ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला सुंभानं बांधून ती जड बॅटरी घेऊन आले, सोबत एक छोटी ट्यूब. घामानं निथळत होते आणि हसत होते.

त्यानंतर दर महिन्याला, सकाळी ऊन चढायच्या आत फेरी. काचेच्या नळीनं बॅटरीतलं आम्ल ओढून बघायचे. नळीत तरंगणारा काटा वर राहिला की बॅटरी भरलेली, तळाला गेला की रिकामी. "भरलेली हाय. म्हंजे अभ्यास झाला न्हाय," असं सगळ्यांदेखत जाहीर करायचे. एवढी धास्ती मला कुठल्या मास्तरांची वाटली नाही. एकदा मी चार दिवस माहेरी राहून नुकतीच परतले होते, तर काटा तळाला. "सूनबाई माहेरी, मग उजेड खाल्ला कुणी?" मामंजी रेडिओकडे बघेनात. चारही दिवस रात्री उशिरापर्यंत त्यावर कुस्तीच्या हकीकती ऐकल्या होत्या त्यांनी. आण्णा म्हणाले, "पाटील, ही बॅटरी पोरीची हाय. तुमी उन्हात ऐका." पुढं मामंजीच दिवेलागणीला रेडिओवर धोतर टाकून ठेवायचे.

मी पास झाले. पन्हाळ्याच्या बाजूला शाळेत लागले. माझ्या पहिल्या पगाराचे पेढे आण्णांनी येईल त्या गिऱ्हाइकाला वाटले.

काही वर्षांनी ते गेल्याचं उशिरा कळलं. तशीच शाहूपुरीत गेले. दुकान उघडं होतं, गल्ल्यावर त्यांच्या पत्नी होत्या. मी माझी ओळख सांगितली तर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"तुमच्या वस्तीवर पयल्यांदा आल्ते, त्या दिवशी जेवताना मला म्हणाले, तुला काय पायजे? लगीन होऊन तीस वर्सं झाल्ती, कधी इचारलं नव्हतं. मला वाटलं, इनोद करत्यात. म्हटलं, गप जेवा. तर पुन्हा इचारलं. मग सांगून टाकलं, मला दुकानात बसायचं हाय."

बोलता बोलता त्यांनी पदर सारखा केला. त्याला आम्लाची बारीक बारीक भोकं पडलेली होती.