गुलाबी टॉवेल आणि कार्बोरेटर

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात माग चालवला. त्या खडखडाटात कान गेले. त्यामुळे आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, नवऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. "गोळी घेतली का?" हेसुद्धा सगळ्या गल्लीला कळतं. मनातलं काही सांगायचं असलं की त्या म्हणायच्या, "चला, नव्या पेठेत जाऊन येऊ." मग मोटारसायकलवर मागे बसून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं बोलून घ्यायच्या.

ती गाडी उन्हाळ्यापासून बंद पडली होती. माझ्या नवऱ्यानं सांगून टाकलं, रविवारी भंगारवाला येणार. मामा म्हणाले, "शनिवारी कार्बोरेटर साफ करतो. तरी न्हाय चालू झाली तर ने म्हण."

शनिवारी सकाळी त्यांनी गाडीशेजारी अंगणात दुकान मांडलं. थोडं पेट्रोल, रंगाच्या दुकानातलं थिनर, जुना टूथब्रश आणि मला न विचारता उचललेलं माझं चहाचं पातेलं! मी जाम भडकले. ते ऐकू न आल्यासारखं करत होते. हे त्यांना छान जमतं. थिनरनं रबर फुगतं म्हणून रबरी रिंगा आधीच काढून ठेवल्या होत्या. बाकीचे भाग त्यांनी न्हाऊमाखू घातल्यासारखे घासले.

पुसायला मी जुन्या धोतराचा तुकडा दिला. त्यांनी तोंड वाकडं केलं. "टॉवेलवाल्याच्या घरात चिंधी?" आमचं कपाट लग्नाकार्यात मिळालेल्या टॉवेलांनी गच्च भरलेलं. त्यातला एक गुलाबी, कोरा करकरीत टॉवेल काढून त्यांनी एकेक भाग कोरडा केला.

गाडी चालू झाली नाही. पुन्हा खोललं, धुतलं, त्याच टॉवेलनं पुसलं. किका मारून मारून मामांचा सदरा घामानं पाठीला चिकटला. शेवटी ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "ने म्हणावं उद्या." मला फार वाईट वाटलं. पातेल्याचा राग कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात आत्या चष्मा लावून आल्या. कार्बोरेटर पुन्हा खोलायला लावला आणि पेट्रोलच्या वाटेवरचा बारीक भोकाचा पितळी जेट उजेडात धरला.

"ह्यात गुलाबी काय हाय वो?" त्या ओरडल्या.

"आमच्या टॉवेलाचं सूत सुटत न्हाय!"

"मग हे काय माझ्या डोक्याचं हाय?"

मामांनी जेट हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाले, "नवा हाय की. एकदा धुवायला पायजे होता." टॉवेलची बाजू काही सोडली नाही. पण वायरीतली एक बारीक तार काढून त्यांनी तो गुलाबी तंतू बाहेर ढकलला, जेट पेट्रोलमध्ये बुचकळला आणि यावेळी मुकाट्यानं धोतराचा तुकडा मागितला.

दुसऱ्या किकेला गाडी धडधडली. आत्यांनी चपला घातल्या, पदर खोचला आणि मागे बसल्या. "कुठं निघालात?" मी विचारलं.

"हितंच, नव्या पेठेत."

मी फाटकात उभी राहिले. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आत्यांचं तोंड मामांच्या कानाशी गेलं होतं आणि मामा मान डोलवत होते. त्या काय बोलत होत्या, ते कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच मला ऐकू आलं नाही.