हवालदार बावणे यांचा सायकल भत्ता

दत्तू बावणे पोलिसात हवालदार होते आणि सरकारवर त्यांचा विश्वास होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सापडणं तसं दुर्मीळच.

पगारपत्रकात ‘सायकल भत्ता, रुपये अठरा’ अशी ओळ होती. ठाण्यातले बावीसही जण तो भत्ता घेत. त्यातले एकवीस मोटारसायकलवर येत. बावणे सायकलवर. सरकार सायकलचे पैसे देतं तोवर सायकलच चालवायची, हे त्यांचं तत्त्व.

या तत्त्वाच्या कॅरिअरवर त्यांच्या पत्नी मंगलाताई बसत. नेहरू नगरच्या क्वार्टरपासून इंद्रपुरीतल्या माहेरापर्यंत बारा किलोमीटर, वर भोपाळचे चढ. प्रत्येक चढाला त्या उतरत आणि म्हणत, “अहो, स्कूटर घ्या.”

“नियमात बसत नाही.”

पैशांची अडचण नव्हती. वर्दी मंगलाताई धुवत, म्हणून धुलाई भत्ता त्यांचा. हाही बावण्यांचाच निवाडा. तो भत्ता मंगलाताईंनी वीस वर्षं डब्यात साठवला होता.

एका वर्षी वरून पत्र आलं: भत्ता घेणाऱ्यांच्या सायकली प्रत्यक्ष दाखवाव्यात, गुरुवारी दुपारी एक वाजता. ठाणेदारांनी बावण्यांना जवळ बोलावलं. “बावणेजी, आपके साले साहब कारखाने के सायकल स्टँड पर हैं ना?”

विलास होताच. पहिल्या पाळीच्या कामगारांच्या सायकली तीनपर्यंत तिथे नुसत्या उभ्या असत. त्यांतल्या एकवीस त्याने चहाच्या बोलीवर मिळवल्या. बाविसावी खुद्द भाऊजींची, अस्सल. बेत पक्का झाल्यावर त्याने तो ताईच्या कानावर घातला.

गुरुवारी मंगलाताईंनी डबा दिला नाही. “भरली वांगी करतेय. गरम जेवायला घरीच या.”

एक वाजता ठाण्यापुढे ट्रकमधून उतरलेल्या एकवीस सायकली चकचकीत रांगेत उभ्या होत्या. लेखातपासनीसांनी त्या दोनदा मोजल्या. बावणे तेव्हा तिसरं वांगं घेत होते. घंटी वाजवत ते परतले, तर शेरा मारून साहेब निघून गेले होते: ‘हवालदार बावणे यांच्याकडे सायकल आढळली नाही. भत्ता बंद.’

संध्याकाळी ते सायकल हातात धरून चालत घरी आले.

“म्हणजे आता सरकार सायकलचे पैसे देत नाही?” मंगलाताईंनी विचारलं.

“नाही.”

“मग ही कुणाच्या हुकमाने चालवता?”

बावण्यांनी बराच वेळ विचार केला. तसा हुकूम कुठेच नव्हता. रविवारी धुलाई भत्त्याचा डबा फुटला आणि एक जुनी, पण दणकट स्कूटर दारात उभी राहिली. इंद्रपुरीपर्यंतच्या एकाही चढाला मंगलाताई उतरल्या नाहीत. सायकल विलासकडे गेली.

“ताई, एखादं वांगं मलाही ठेवायचं होतंस,” विलास म्हणाला. बावण्यांना वाटलं, याला भूक लागली असावी.

पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी झाली. भाऊजींचं नुकसान भरून काढावं म्हणून विलासने या खेपेस बावीस सायकली पाठवल्या. बाविसावी बावण्यांनी लांबूनच ओळखली. कॅरिअरवर मंगलाताईंनी शिवलेली गादी होती. साहेबांनी समाधानाने शेरा मारला: ‘सायकल आढळली. भत्ता पूर्ववत.’

बातमी बावण्यांच्या आधी घरी पोहोचली. ते आले तेव्हा मंगलाताईंनी स्कूटरची किल्ली पदराच्या गाठीत बांधली होती.

“तुम्हाला सायकलची सक्ती आहे ना? चालवा,” त्या म्हणाल्या. “मी शिकतेय स्कूटर. मला कुठे सायकल भत्ता आहे?”