शिवणाच्या बाई आणि अमेरिकेतला फेक्या

कुसुमबाई आम्हाला शिवण शिकवायच्या, पण दर सोमवारी त्यांच्या तासाला फळ्यावर अमेरिकेतला सामना असायचा. नव्वदच्या दशकात बारामतीजवळच्या आमच्या पणदरे गावात मोजक्याच घरांवर डिश होती. त्यांतली एक बाईंच्या दिरांनी बसवलेली. सोमवारी सकाळी भाकऱ्या थापता थापता बाई टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल पाहायच्या. लोखंडी जाळीचे टोप घातलेले धिप्पाड गडी आणि सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू. इंग्रजी कळत नसे म्हणून आवाज बंद. "बोलणारं लई बडबड करत्यात. गडी कुठं पळतोय त्ये बघावं."

त्यांचा सगळा जीव क्वार्टरबॅकवर. चेंडू आधी त्याच्या हाती येतो आणि समोरचे अंगावर पडायच्या आत तो कुणाकडं फेकायचा हे त्यालाच ठरवावं लागतं. बाई त्याला 'फेक्या' म्हणायच्या. खडूनं गोल आणि बाण काढून सांगायच्या, "माणसाकडं फेकायचं न्हाय, पोरींनो. माणूस जितं पोचणार हाय तितं फेकायचं." गडी सरळ पळाला की तो धावदोरा, पळता पळता मागं वळला की उलटी टीप. हरलेला सामना त्या 'उसवायला' घ्यायच्या. शिलाई कुठं सुटली ते सापडेपर्यंत सुईला हात लावू द्यायच्या नाहीत.

खेळाचे सर बदलून गेले आणि मुलींचा हँडबॉल बाईंच्या गळ्यात पडला. हेडमास्तरांनी बजावलं, "यंदाही बारामतीच्या मुलींकडून हरलात, तर मुलींचा खेळाचा तास बंद. तो शिवणाला देऊ."

म्हणजे तास बाईंचाच वाढणार होता. तरी त्या माझा दंड चाचपून म्हणाल्या, "मंदे, तू फेक्या."

सामन्याच्या दिवशी आम्ही सातजणी टीव्हीतल्यासारख्या डोक्याला डोकी लावून गोल उभ्या राहिलो. कुणाला तरी भोवळ आली असं वाटून पंच पाणी घेऊन धावले. खेळ सुरू झाल्यावर बाई ओरडल्या, "आडवा त्यांना!" आमच्या दोघींनी बारामतीच्या दोघींना खरोखरच आडवं केलं. पंचांनी आमच्या दोघींना बाहेर काढलं. मध्यंतराला आम्ही चार गोलांनी मागं होतो.

बाई माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. "ती उंच पोरगी चेंडू बघतच न्हाय. तुजं डोळं बघतीया. डावीकडं बघ, उजवीकडं फेक."

मी डावीकडं पाहिलं. उंच मुलगी डावीकडं सरकली. मी उजवीकडच्या रिकाम्या जागेत चेंडू सोडला, तर आमची सुनीता तिथं हजर! तीन गोल असेच झाले. बरोबरीला एकच गोल हवा होता आणि शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं. मी पुन्हा रिकाम्या जागेत फेकला. सुनीता पोचलीच नाही. तिच्या चड्डीचं इलॅस्टिक तुटलं होतं आणि दोन्ही हातांनी चड्डी धरून ती मैदानाच्या मधोमध उभी होती. शिट्टी झाली.

आमचे गणवेश बाईंनीच शिवले होते.

मी हुंदके देत होते. बाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं. "फेक बरुबर हुती. इलॅस्टिक माजं हुतं." हेडमास्तरांनाही त्यांनी हेच सांगितलं, पण खेळाचा तास गेला तो गेलाच.

पुढच्या आठवड्यात त्या वाढीव तासाला बाईंनी आम्हाला सुईदोरा घेऊन मैदानावर बोलावलं. सुईदोरे दप्तरात ठेवायला लावले आणि पिशवीतून चेंडू काढला. "तास माजा हाय. त्यो कुठं घ्यायचा त्ये मी ठरीवणार."

वर्षअखेरीला शिवणाचं प्रदर्शन भरलं. आमच्यातल्या एकीलाही साधं झबलं शिवता येत नव्हतं. बाईंनी स्वतः सात झबली शिवून त्यांना आमच्या नावांच्या चिठ्ठ्या टाचल्या. माझ्या झबल्याची डावी बाही बोटभर लांब होती. मी फुरंगटले.

"आगं, तुजं सरळ आलं आसतं," बाई कानात पुटपुटल्या, "तर हेडमास्तरांचा ईस्वास बसला आसता व्हय?"

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते झबलं माझ्या दोन्ही मुलींनी घातलं. डावी बाही दुमडून.